पेंटरचा क्ष

त्या रविवारी हैबतरावांनी लेकीचा लॅपटॉप उचलून गोठ्याच्या कठड्यावर ठेवला आणि अंगण ओलांडून थेट पेरूच्या झाडापर्यंत मागे गेले. तिथून डोळे बारीक करून बघत राहिले.

"दिशा, नाव दिसंना गं. फाट्यावरनं एसटी जाताना मान्साला वाचता आलं पायजे."

"आण्णा, हे एसटीतून नाही बघायचं. हातात धरून बघायचं."

"मग एवढी मोठी भिंत कशाला घेतलीस? वर निम्मी मोकळीच हाय."

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या रंभाबाई हसल्या. "आता लेकीच्या पाटीला बी शिडी लावा म्हंजे झालं."

मुठा गावात घरची भातशेती करता करता हैबतरावांनी भुकूमपासून घोटावड्यापर्यंत निम्म्या मुळशी तालुक्याच्या पाट्या रंगवल्या होत्या. दिशा पुण्यात एका संग्रहालयात होती. ऑनलाइन प्रदर्शनाच्या पानाला मथळा द्यायचा, एका दालनातून दुसऱ्यात जाण्यासाठी मेनू बसवायचा, हे तिचं काम. या वेळचं प्रदर्शन हाताने रंगवलेल्या पाट्यांचं होतं, म्हणून कच्चं पान दाखवायला ती मुद्दाम घरी आली होती.

मग तिने तेच पान फोनवर उघडून दिलं. हैबतरावांनी चष्मा पुसला. वरच्या कोपऱ्यात एकाखाली एक अशा तीन आडव्या रेघा होत्या. त्यांच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "रेघा आखून ठिवल्यास. अक्षरं कधी लिहिणार?"

दिशाला हसू आवरेना. पेंटर आधी दोरीला खडू लावून रेघा पाडतो आणि मग त्यांत अक्षरं बसवतो. त्यांच्या हिशेबाने ती पाटी अर्धवट राहिली होती.

"तो मेनू आहे आण्णा. दाबा त्याच्यावर."

त्यांनी दाबलं. खाली यादी उलगडली: प्रस्तावना, संग्रह, कारागीर, संदर्भ. ते दचकले, मग पुन्हा दाबून ती मिटवली, पुन्हा उघडली. खेळ आवडला त्यांना.

"पाटी घडी घालून खिशात ठिवली व्हय! आन् आत काय मिळतंय ते गिऱ्हाइकाला कसं कळायचं?"

"लोकांना सवय असते."

"असंल बाबा." फोन परत देत ते म्हणाले, "वरचं नाव मी लिहून देतो. भात निघू दे एकदा."

"बघू," दिशा म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला स्कूटरवरून एसटीला सोडलं, पिशवी खिडकीतून आत दिली आणि बस हलायच्या आधीच ते परत फिरले. पाणी सोडायचं राहिलं होतं.

त्याच आठवड्यात हैबतराव खाचराच्या बांधावर दम खायला बसले ते उठले नाहीत.

तेरावा झाल्यावर निरंजन सरांचा फोन आला. प्रदर्शन त्यांच्याच देखरेखीखाली तयार होत होतं. "दिशा, घाई अजिबात नाही. पण पान आठवड्याभरात खुलं करायचंय. मथळा तयार टाइपात लावू का? 'मुळशीची अक्षरं' हे नाव मात्र फार छान आहे."

"थोडं थांबा सर. मथळा आण्णांच्या अक्षरातच जाईल."

"पण त्यांनी लिहून दिला होता का?"

"नाही. पण तालुकाभर लिहून ठेवलाय. वेचून आणते."

धाकटा भाऊ अमोल पिरंगुटच्या कारखान्यात होता. सुट्टी टाकून त्याने मोटरसायकल काढली. मुठा दूध डेअरीच्या पाटीवरचा 'मु' मिळाला. 'ळ' शाळेच्या भिंतीवर होता, 'शी' भुकूमच्या शीतल सलूनवर. 'ची' पिठाची गिरणी दळत असतानाच टिपला, तेव्हा दोघंही पांढरे होऊन बाहेर आले. 'अ'साठी अमृततुल्यवाल्याकडे दोनदा चहा घ्यावा लागला. 'रं' घरच्याच दारावर होता: रंभा निवास.

दिशा फोटो काढत होती तेव्हा रंभाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "त्यो माझा हाय," त्या म्हणाल्या. "जपून घे. आन् परत आनून ठेव."

"आये, फोटो काढतेय. जागचा कुठं हलतोय?"

"तरी बी सांगितलं."

हिंडताना दिशाने मेनूही बदलला. प्रस्तावना, संग्रह गेले. तिथे दुकानं, शाळा, दारं, थांबे असं आलं, आणि यादी तिने घडी न घालता मथळ्याखाली उघडीच ठेवली.

"फोनवर जागा खाईल गं ती," निरंजन सर म्हणाले.

"खाऊ दे सर."

आता फक्त 'क्ष' राहिला. सर म्हणाले, इतर अक्षरांचे तुकडे जोडून संगणकावर करता येईल. येत होताच; दिशाने तासाभरात तो केलाही. चांगला दिसत होता, पण आण्णांचा नव्हता. तिने तो पुसून टाकला.

"सुरक्षा, परीक्षा, शिक्षक..." जेवताना अमोल बडबडत होता. मध्येच घास हातात धरून ओरडला, "ताई, रिक्षा! फाट्यावरचा स्टँड!"

घोटावडे फाट्यावरच्या रिक्षा थांब्याची पाटी वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली पूर्ण झाकलेली होती. फ्लेक्सवर गॉगल लावलेला रिक्षावाला सोमनाथ हसत होता, आणि खरा सोमनाथ खाली रिक्षात पाय पसरून बसला होता.

"माज्याच तोंडावर उठला व्हय तुमचा क्ष?" अमोलने काम सांगितल्यावर तो म्हणाला.

"काढ रं ते थोबाड," म्हातारे पिराजी रिक्षातून उतरले. "पेंटरची लेक हाय ती. पाटी लिवताना त्यांनी दिवसभर स्टँड अडवला हुता. आमी शिव्या घातल्या, तर म्हनले, घाला, पन शिडी धरा."

सोमनाथने कुरकुरत सुतळ्या सोडल्या. फ्लेक्स खाली आला.

दिशा पाटीजवळ थांबली नाही. पाय आपोआप रस्त्यापलीकडे वळले. लहानपणी आण्णा शिडीवर आणि ती समोरच्या कडेला, अशी दोघांची जागा ठरलेली होती. ओळ डावीकडे उतरली तर तिने डावा हात वर करायचा, उजवीकडे उतरली तर उजवा. सरळ असली तर काहीच करायचं नाही. घरात तोंडावर कौतुक करायची पद्धत नव्हती, आणि तिचे हात स्वस्थ दिसले की आण्णा समजून जात.

निळ्या पत्र्यावर पिवळी ओळ उभी होती. 'क्ष'ची गाठ एका दमात वळवलेली, तिचा शेपटा पुढच्या उभ्या काठीपाशी नेमका थांबलेला. मधून ट्रक गेले, एक टेम्पो गेला. पलीकडून अमोल हातवारे करत विचारत होता, काढू का फोटो?

दिशाचे हात बाजूलाच राहिले. पण या वेळी तेवढ्याने भागणार नव्हतं. रहदारीच्या आवाजावर चढेल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "आण्णा, लई देखणी झालीय पाटी!"