म्हस्कूची बडबड

सत्त्याण्णव सालची गोष्ट. शेळगावच्या म्हस्कूनं तोंडाला फडकं न बांधताच डाळिंबावर औषध फवारलं आणि दुपारी तो बांधावर कोसळला. तोंडाला फेस आला होता. बायको सारजानं त्याला जीपमधून बारामतीच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर तेजश्रीनं त्याचं अंग साबणानं धुवून घेतलं, इंजेक्शनं सुरू केली.

"मावशी, या इंजेक्शनानं ते बरळतील. घाबरू नका."

संध्याकाळी म्हस्कू खरंच चादर ओढत मेंढरं हाकायला लागला. शेजारच्या खाटेवरचे भानुदासतात्या म्हणाले, "वळवली बघ सगळी!"

मग म्हस्कूनं आवाज बारीक केला. "तात्या, मेंढरं इकून डाळिंब लावायचं डोकं सारजीचं. मी गावभर माझंच म्हणून सांगतो."

सगळा वॉर्ड हसला. सारजानं तोंडाला पदर लावला.

सकाळी म्हस्कू शुद्धीवर आला. "मी काय बोललो का गं?"

सारजानं सगळं सांगितलं. म्हस्कूनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"मग खरंच हाय ते," तो पुटपुटला.

"जरा मोठ्यानं बोला," सारजा म्हणाली, "तात्यांना ऐकू आलं न्हाय."