अर्धविराम

रसिकाला कुठल्याही माणसात आधी दिसायचं ते पाणी कुठे मुरतंय तेच. नौपाड्यातल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत धनेश नवा लागला आणि मान खाली घालून काम करू लागला, तेव्हाच तिने ठरवून टाकलं की ह्याचा डोळा आपल्या खुर्चीवर आहे.

आज तर खात्रीच पटली. कल्याणच्या एका सोसायटीला आठ इमारतींच्या टाक्यांतलं पाणी स्क्रीनवर दाखवायचं होतं. कमिटीसमोर उमटल्या दोनच टाक्या. एक रिकामी, दुसरीत आठ टक्के पाणी आणि बाकीच्या गायब. मंडळींनी पोटभर हसून घेतलं. रसिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑफिसात येऊन तिने कोड उघडला. रस्ट ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत चौकटी कंसात शून्य, सेमीकोलन, आठ असं लिहिलं की आठ शून्यं मिळतात, टाकीमागे सुरुवातीचं एक. सेमीकोलनच्या जागी कॉमा पडला की उरतात दोनच आकडे, शून्य आणि आठ. इथे कॉमा होता. ओळ सकाळचीच, धनेशच्या नावावर. एवढंसं टिंब काय आपोआप गळून पडलं? ती तडक मालकांकडे, तानाजी सरांकडे गेली आणि हा पोरगा घातकी आहे, आजच काढा, असं सांगून मोकळी झाली.

सरांनी धनेशला बोलावलं. टिटवाळ्याहून येणाऱ्या धनेशची ही पहिलीच नोकरी, रस्टशी ओळखही नवीच. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, तुम्हीच सकाळी फोनवर सांगितलेलं. शून्य, अर्धविराम, आठ."

"मग?"

"मग तेच टाकलं." त्याने कागदावर कॉमा काढला. "हाच ना अर्धविराम? वाचताना अर्धं थांबायचं तो. आमच्याकडे सगळे ह्यालाच म्हणतात."

"हा तर स्वल्पविराम," म्हणत सर रसिकाकडे वळले. "एरवी सेमीकोलन म्हणतेस की. आजच मराठीचा पुळका कुठून आला?"

रसिकाने नजर चुकवली. खरं सांगायची तिला लाज वाटत होती, पण पोराची नोकरी तिच्याच तोंडच्या शब्दावर अडली होती. सकाळी सोसायटीच्या ऑफिसात तिच्या शेजारी दुसऱ्या कंपनीचा माणूस बसला होता. तो कान टवकारून ऐकतोय असं तिला वाटलं, म्हणून तिने फोनवर शाळेतला शब्द काढला.

"शेजारी दुसऱ्या कंपनीचा माणूस होता, त्याला कळू नये म्हणून," ती पुटपुटली.

धनेशने कागदाची घडी घातली.

"त्याला नाही कळलं, मॅडम. मलापण नाही कळलं."