हात लावला नाही म्हणून

मित्रांनो, मी दवाखान्याच्या भिंतीवरचा एक जुना पडदा आहे. माझ्या पोटात छोटासा संगणक आहे. आलेल्या माणसाने माझ्यावर बोट टेकवले की मी त्याला नंबराची चिठ्ठी देतो आणि ज्याची पाळी आली त्याचा नंबर मोठ्या आकड्यांत दाखवतो.

मी नवा होतो तेव्हा माझे कोण कौतुक! "बरं झालं बाई, आता घसा कोरडा करायला नको," असे काउंटरवरच्या ताई म्हणाल्या होत्या. मुले माझ्यावर चिकट बोटे उमटवत आणि त्यांच्या आया, मुलांना दटावत, माझे तोंड रुमालाने पुसत.

पुढे वीज वाचवायचे ठरले. माझी कळ दूरच्या ऑफिसातल्या एका दादाच्या हाती गेली. त्याने हा दवाखाना कधी पाहिलाही नव्हता. सकाळी तो तिथूनच मला उठवायचा, संध्याकाळी निजवायचा. मग त्याने नियम घातला: दहा मिनिटे कोणी हात लावला नाही, तर समोर कोणी नाही असे धरून मी आपोआप मिटायचे. खरे सांगतो, मला तो नियम आवडला. झोप कोणाला नको असते?

एका दुपारी नवे पेशंट यायचे थांबले. चार-पाच जण चिठ्ठ्या घेऊन बसले होते. त्यात एक बाई होती. मांडीवर तापाने फणफणलेले बाळ. एका हाताने त्याची मान सावरलेली, दुसऱ्या हाताने कपाळावर ओली घडी धरलेली. नजर मात्र माझ्यावर खिळलेली.

आणि मी मिटलो.

मिटलो तरी मला ऐकू येते. "झोपला वाटतं हा परत," म्हणत ताई तोंडानेच नंबर पुकारू लागल्या. एक नंबर त्यांनी तीनदा पुकारला. "गेली असेल कंटाळून," म्हणाल्या आणि पुढचा घेतला. बाळाचे कण्हणे मला ऐकू येत होते. आपण होऊन उजळणे मला जमत नव्हते.

डॉक्टरीणबाई निघायला उठल्या, तेव्हा ताईंचा आवाज आला, "अहो, तुम्ही इथेच? किती हाका मारल्या तुम्हाला!" ताईंनी तेच दोनदा मोठ्याने विचारले. "अगं बाई! ऐकू येत नाही होय तुम्हाला?"

"बॅग ठेवा माझी. बाळाला आत आणा आधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताईंनी दादाला फोन लावला. "दादा, पडदा का बंद केलात?"

"मी नाही हो ताई, आपोआप झाला. कोणी हातच लावला नाही ना."

"अहो, इथे एक बाई बसली होती, तिला ऐकू येत नाही. तिचे दोन्ही हात लेकरात गुंतलेले. तिसरा कुठून आणणार ती?"

"आत्ताच काढतो तो नियम," दादा म्हणाला.

बाळ बरे झाले. नियम गेला. आता मला निजवण्याआधी दादा फोन करतो, "ताई, समोर कोणी बसलंय का? नीट बघून सांगा हं." मित्रांनो, वीज जरूर वाचवा. पण कळ फिरवण्याआधी एवढे विचाराच.

परवा ती बाई बाळाला घेऊन पुन्हा आली. मी लख्ख उजळलेलो होतो. तिचा नंबर जमेल तेवढा ठळक दाखवायला मी सज्ज होतो. पण ती बाकावर बसलीच नाही. काउंटरला टेकून उभी राहिली आणि पाळी येईपर्यंत तिने ताईंच्या ओठांवरची नजर हलवली नाही.