बाप तसा बेटा लिहिलेला फलक

मित्रांनो, मी एक जुना आणि खोटारडा पत्र्याचा फलक आहे. खोटारडा हा शब्द मीच मला लावतो, कारण गावात दुसरं कोणी लावायला तयार नाही. आंदर मावळातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मी आठ वर्षं टांगलेला आहे. माझ्या माथ्यावर लाल अक्षरांत ‘गावाचे रक्तदाते’ असं लिहिलं आहे. खाली एकसष्ट नावं आणि प्रत्येक नावापुढे रक्तगट. दिसायला फार छान दिसतं. त्यातले निम्मे गट मात्र कोणी तपासलेलेच नाहीत.

माझा पत्रा कामशेतला कापला, तिथेच मला पिवळा रंग दिला. अक्षरं लिहायला पेंटर गावात आला. त्या वर्षी तरुण मंडळाने रक्तदान शिबिर घेतलं होतं. मंडळाचे अध्यक्ष बाजीराव, गावातला वजनदार माणूस. तीस जणांनी रक्त दिलं, त्यांचे गट तपासून कागदावर उतरवले. इथवर सगळं नीट होतं. पण पत्रा होता मोठा, आणि तीस नावांनी तो अर्धाच भरत होता. अर्धा रिकामा फलक म्हणजे गावाची नाचक्की, असं बाजीरावांना वाटलं. मग ते ओट्यावर बसले आणि उरलेली यादी त्यांनी तोंडी सांगायला घेतली. मी समोरच भिंतीला टेकून उभा होतो, त्यामुळे सगळं माझ्या कानांवर आहे.

“कोंडाजी आबांचा ओ निगेटिव्ह. कारखान्यात तपासलेला हाय,” ते पेंटरला म्हणाले. “तवा त्यांची पोरं, समर्थ आन् स्वराज, ती पन ओ निगेटिव्ह. लिव.”

पेंटरचा ब्रश थांबला. “पोरांचा तपासलाय का, भाऊ?”

“पोरं काय आभाळातनं पडली का? आडात हाय तेच पोहऱ्यात येनार. लिव म्हनतो ना.”

त्याने लिहिलं. आडनाव बापाचं, घर बापाचं, सातबारा बापाचा, मग रक्तगटही बापाचाच. अशी एकतीस नावं माझ्या अंगावर चढली. गावाच्या आशा कार्यकर्त्या स्नेहलताई तेव्हा वही घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, बायकांची नावं घाला की. गरोदरपणात परतेकीचा गट तपासत्यात. माज्या वहीत समद्यांचे लिवलेत.”

“बायकांच्या अंगात आधीच रगत न्हाई. त्या काय देनार?” बाजीराव म्हणाले आणि ओट्यावरचे सगळे हसले.

म्हणजे बघा, ज्यांचे गट सुईने तपासलेले होते त्या वहीत राहिल्या, आणि ज्यांचे अंदाजाने ठरले ते माझ्यावर मिरवायला लागले. मला तेव्हा तोंड असतं तर मी तिथल्या तिथे भांडलो असतो.

आता तुम्हीही बाजीरावांच्याच पंक्तीत बसू नका, म्हणून नीट सांगतो. रक्तगट बापाकडून आख्खा येत नाही. आई एक चिठ्ठी देते, बाप एक चिठ्ठी देतो. चिठ्ठ्या तीन तऱ्हेच्या: ए, बी आणि ओ. ओची चिठ्ठी मुखदुर्बळ असते. शेजारी ए किंवा बी असली की ती गप्प बसते. दोन्हीकडून ओ आली तरच माणसाचा गट ओ होतो. ए आणि बी एकत्र आल्या तर दोघी बोलतात, म्हणून एबी. पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या चिठ्ठ्या आणखी वेगळ्या. तिथे निगेटिव्ह गप्प बसते, आणि ती आईबाप दोघांकडून आली तरच पोर निगेटिव्ह निघतं. कोंडाजी आबांच्या बायकोचा, सरुबाईंचा गट बी पॉझिटिव्ह. त्यांच्याही चिठ्ठ्या पोरांत उतरणारच ना? पण सरुबाईंना कोणी विचारलंच नाही. नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या बाईचा पोराच्या रक्तात काहीच वाटा नाही, असा हिशोब मांडणाऱ्यांना काय म्हणावं?

तरी माझं कौतुक झालं. तालुक्याचे साहेब येऊन माझ्याशेजारी फोटो काढून गेले. पहिल्या दोन सव्वीस जानेवारींना मला हारही पडला. पुढे बैलगाडा शर्यतीची पोस्टरं माझ्यावर चिकटली, मग वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग कबड्डी. पोस्टरं फाटली की मधूनच एखादा ‘ओ निगेटिव्ह’ डोकावायचा. मला वाटायचं, कोणी न वाचलेलंच बरं.

मग गेल्या माघातला तो रविवार उजाडला. बाजीरावांची सून माधवी तळेगावच्या दवाखान्यात पहाटे बाळंत झाली. मुलगा झाला, पण रक्तस्राव थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह. या गटाचं रक्त इतर कोणालाही चालतं, मात्र त्याला स्वतःला ओ निगेटिव्हच लागतं. सगळ्यांना देणारा आणि आपल्या वेळेला हात रिकामा, असा हा गट. दवाखान्यात एक पिशवी होती ती लावली. पुण्याहून दुसरी मागवली होती. तिसरीचा पत्ता नव्हता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिसरी लागणारच.

आठच्या सुमाराला बाजीराव धावत माझ्यासमोर आले. त्यांनी दोन्ही हातांनी पोस्टरं फाडली. तीन ओ निगेटिव्ह सापडले. कोंडाजी आबा अडुसष्ट वर्षांचे, पासष्टनंतर रक्त घेत नाहीत. राहिले समर्थ आणि स्वराज. बाजीरावांचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मी आजतागायत विसरलेलो नाही. दोघं भाऊ बिचारे अंघोळ न करता जीपमध्ये बसले. पाठोपाठ गावातले चार ओ पॉझिटिव्हही निघाले, ‘ओ तो ओच, चालवून घेतील’ म्हणत.

अकराच्या पुढे अतुलचा, माधवीच्या नवऱ्याचा फोन आला. बाजीरावांनी तो माझ्यापुढेच उचलला.

“बाबा, समर्थचा गट बी पॉझिटिव्ह निघाला. स्वराज ओ पॉझिटिव्ह. एकाचं बी चालंना.”

“असं कसं? फलकावर लिवलंय की.”

“फलकाला काय कळतंय? तुमीच लिवलंय त्याच्यावर.” अतुल रडत होता. “तीन तास गेले, बाबा. पुन्याची गाडी बी ट्राफिकमधी अडाकलीय.”

बाजीरावांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग ते पुन्हा मला वाचायला लागले, वरून खाली आणि खालून वर, जणू चौथं नाव कुठेतरी दडलं असेल. मला इतका संताप आला होता, आणि त्या माणसाची इतकी कीवही येत होती, की दोन्हींतलं काय जास्त ते मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात स्नेहलताई आल्या. त्यांच्या हातात तीच वही होती. “भाऊ, कोंडाजी आबांची लेक अनिता. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलती, तवा म्या तिचा गट लिवून ठेवलाय. ओ निगेटिव्ह.”

“आबांची लेक?” बाजीराव म्हणाले.

बघा बरं चिठ्ठ्यांचा न्याय. दोन्ही लेकांत आईची चिठ्ठी बोलली, आणि बापाचा गट जशाच्या तसा उतरला तो लेकीत. तिचं नाव माझ्यावर नव्हतं, कारण एक तर ती बाई, आणि त्यातून सासरी गेलेली.

अनिता भाज्याला राहते. लेणी पाहायला येणाऱ्यांसाठी पायथ्याशी सरबताची गाडी लावते. रविवार म्हणजे तिच्या धंद्याचा दिवस. स्नेहलताईंनी फोन लावला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “ताई, रस्ता जाम हाय. मळवलीवरनं लोकलनं जाते.” गाडी शेजारणीवर सोपवून ती निघाली. हे सगळं मला नंतर ओट्यावरच्या बोलण्यातून कळलं. तळेगावला तिचं हिमोग्लोबिन तपासलं, ते पुरेसं भरलं. अंगात रक्त नसलेल्या बायकांपैकीच ती एक! रक्ताच्या सगळ्या तपासण्या होऊन संध्याकाळी तिची पिशवी माधवीला लागली. पुण्याची दुपारी पोचली होती. माधवी वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर चालला नसता.

बाळाचा गट निघाला ओ पॉझिटिव्ह. आई ओ निगेटिव्ह, बाप ए पॉझिटिव्ह, आणि पोरगं दोघांसारखं नाही. अतुलच्या एच्या आड ओची चिठ्ठी गप्प बसलेली होती, ती नेमकी बाळाला मिळाली. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह, म्हणून माधवीला तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शनही दिलं, पुढच्या बाळाला धोका नको म्हणून. तेही स्नेहलताईंच्या लक्षात होतं.

आता माझी दुरुस्ती होईल, असं मला वाटलं. समर्थ-स्वराजच्या नावांवर काळा रंग फासला गेला, तेवढंच. अनिताचं नाव घालायचं ठरलं, तर पंच म्हणाले, “ती आता भाज्याची. आपल्या फलकावर कशी येईल?” यावर दोन बैठका झाल्या. बाकीची अंदाजाची नावं तशीच राहिली. माणसं मरता मरता वाचतात आणि हे सासर-माहेर करत बसतात.

दीड महिन्याने माधवी बाळाला लसीकरणाला पंचायतीत घेऊन आली. बाळ स्नेहलताईंकडे देऊन तिने टेबलावरचा खडू उचलला आणि माझ्या काळ्या पट्ट्यावर लिहिलं, ‘अनिता, ओ निगेटिव्ह, तपासलेला’. खाली स्वतःचं नाव, पुढे ‘तपासलेला’. मग तिची नजर वर गेली, पहिल्या नावावर, सासऱ्यांच्या. मागे बाजीराव उभे होते.

“मामा, तुमचा ए पॉझिटिव्ह कुनी तपासला?”

बाजीरावांनी टोपी काढून हातात घेतली. “शिबिराच्या दिवशी पाहुन्यांच्या मागं व्हतो. ऱ्हायलंच.” मग हळूच म्हणाले, “माज्या बापाचा ए पॉझिटिव्ह व्हता.”

माधवीने त्यांच्या नावापुढे खडूने एक प्रश्नचिन्ह काढलं, हात झटकले आणि बाळाला घेऊन ती घरी गेली. ते पुसायचा धीर बाजीरावांना झाला नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडून नव्हे, चिडूनच सांगतो. माझ्यासारख्या फलकावर विश्वास ठेवू नका. बापाचा, आजोबांचा गट सांगून मोकळे होऊ नका. आपला तपासा, आईचा विचारा, बहिणीचा लिहून ठेवा. तळेगाव आमच्या गावाहून तासाभराच्या वाटेवर आहे. बोटाला सुई टोचायला मिनिटही लागत नाही. माधवीने खडू उचलला त्याला दोन महिने झाले. बाजीराव रोज माझ्यासमोरून जातात, आणि पहिल्या नावापुढचं प्रश्नचिन्ह अजून तिथेच आहे.