उदोनचं पाणी

पेजेची वाटी बाजूला सारून विमलताई म्हणाल्या, "अहो, ते उदोन कराल का?"

मोरोपंतांचा कानांवर विश्वासच बसेना. कित्येक आठवडे बायकोच्या तोंडाला चव नव्हती. डॉक्टरांनी औषधं कमी केली होती आणि "आता त्यांना हवं ते खाऊ द्या," एवढंच सांगितलं होतं. त्याचा अर्थ दोघांनाही कळला होता, पण बोललं कुणीच नव्हतं. आणि आज तिनं आपणहून काही मागितलं होतं.

उदोन म्हणजे जपानी लोकांच्या जाड शेवया, गरम पाण्यात सोडलेल्या. मुलगी अंतरा नवऱ्याच्या नोकरीपायी ओसाकाला होती, तेव्हा दोघं तिच्याकडे राहून आले होते. तिथल्या एका लहानशा दुकानात विमलताईंनी अख्खा वाडगा तोंडाला लावून संपवला होता. "ना फोडणी, ना मसाला, आणि चव कशी! किती सात्त्विक माणसं!" हे रोह्यात परतल्यावर साऱ्या आळीनं ऐकलं होतं.

मोरोपंतांनी मिठाच्या पाण्यात मैदा घट्ट मळला, ओल्या फडक्याखाली मुरू दिला, लाटून सुरीनं कापला. पट्ट्या वेड्यावाकड्याच झाल्या, पण उकडून गार पाण्यात धुतल्यावर बऱ्या दिसू लागल्या. आलं, सोया सॉस आणि पातीचा कांदा घालून पाणी उकळलं.

विमलताईंनी एक चमचा घेतला. "छान झालंय," म्हणाल्या आणि वाडगा खाली ठेवला. "पण ते तिथलं नाही हो."

अंतरा आता पेणला कॉलेजात शिकवत होती. मोरोपंतांनी अंगणात जाऊन तिला फोन लावला. सगळं ऐकून तिनं आवाज खाली आणला.

"बाबा, त्या पाण्यात सुक्या माशांचा अर्क असतो. आईनं निम्मा वाडगा संपवल्यावर माझ्या लक्षात आलं. इतकी खूश होती, मग मी बोललेच नाही."

"अगं, पण—"

"बाजारातून थोडी सुकट आणा, पाण्यात उकळा आणि गाळून घ्या. आणि सांगू नका तिला. तुमच्या पोटात काही राहत नाही, म्हणून म्हणते."

बाजाराच्या मासळीच्या टोकाला मोरोपंतांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. सुकट विकणाऱ्या कृष्णाबाईंनी त्यांना लांबूनच ओळखलं. कृष्णाबाईंचा मुलगा शाळेत मोरोपंत मास्तरांच्याच हाताखाली शिकला होता.

"मास्तर, भाजीवाल्या तिकडं बसतात. वाट चुकलाव व्हय?"

"नाही, ते... मांजरीसाठी हवीय. थोडीच."

"मांजरीला निवडलेली देऊ? लई लाडाची हाय वाटतं!"

शेजारच्या बायका खिदळल्या. मोरोपंतही हसायला गेले, पण जमलं नाही; त्यांनी पिशवी पुढं धरली. "हो," ते कसंबसं म्हणाले, "लाडाची आहे."

घरी येऊन त्यांनी नाकाला पंचा लावून सुकट उकळली, दोनदा गाळली आणि नव्यानं वाडगा भरला.

विमलताईंनी वाफ आत ओढून घेतली. "हेच ते! कसं जमवलंत हो?" त्यांनी चमचा उचलला आणि तशाच थांबल्या. "आधी वाटीत थोडं काढून देवापुढं ठेवा. पेज नुसती गिळायचे, तिचा कसला नैवेद्य दाखवायचा? आज जेवणार आहे मी."

मोरोपंत वाटी घेऊन देवघरापाशी उभे राहिले. पलंगावरून इकडचं काही दिसत नव्हतं. वाटी देवापुढं न ठेवता तशीच माघारी नेली असती तरी कुणाला कळलं नसतं. पण आयुष्यभर तिनं पुजलेल्या देवांपुढून तिच्याच नावानं खोटा नैवेद्य न्यायचा, हे त्यांच्यानं होईना. हा खरेपणा की भित्रेपणा, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येईना. ते परत आले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

विमलताई वाडग्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे तिथंही?"

"हो."

"आणि मी सगळ्यांना सात्त्विक, सात्त्विक म्हणून सांगत सुटले!" त्या हसल्या, मग हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर त्यांनी चमचा ताटात ठेवला. "कशाला सांगितलंत हो? नसतं सांगितलं तर खाल्लं असतं मी."

"चुकलंच माझं."

"आता नाही जमायचं." वाडगा त्यांच्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, "टाकू मात्र नका. तुम्ही खा. माझ्यासमोर बसून खा, आणि कसं लागतं ते सांगा."

मोरोपंतांनी जन्मात मासळीला हात लावला नव्हता. ते पलंगाच्या कडेला बसले. पहिला घोट घशाखाली उतरेना. विमलताईंनी डोळे मिटले होते.

"आधी आलं लागतं," ते म्हणाले. "मग खारट. खाडीवरचा वारा लागतो ना तोंडाला, तसं."

"आणि मग?"

"मग... मागाहून जरा गोडसर."

"हो. तसंच होतं." विमलताईंनी आवंढा गिळला. "शेवया?"

"मऊ आहेत. दाताला जरा चिवट."

त्यांनी आणखी एक घास घेतला, तो कसा लागतो तेही सांगितलं. मग आणखी एक. वाडग्याचा तळ दिसू लागला, तशी चमच्याची खणखण ऐकून विमलताईंनी डोळे न उघडताच विचारलं, "संपलं?"

"नाही," मोरोपंत म्हणाले. "अजून आहे." आणि उरलेल्या चार शेवया ते एकेक करून, जमेल तितक्या सावकाश खाऊ लागले.