लीलाबाईंच्या खुरप्याला पडलेला प्रश्न

मी एक खुरपं. वडगाव निंबाळकरच्या लीलाबाईंच्या हातातलं. चार माणसांत बोलायची मला सवय नाही. माझं सगळं आयुष्य मातीत तोंड घालून गेलं. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात नीट बसत नाही, म्हणून बोलतोय.

माझं लोखंड एका ट्रकचं. डाळजजवळ सोलापूरच्या रस्त्यावर तो ट्रक मोडून पडला होता. त्याच्या कमानपाट्याचा एक तुकडा घिसाड्याच्या पालावर आला. घिसाडी मला चिमट्यात धरून बसला आणि त्याच्या बायकोनं घण घातला. पाणी पाजलं, बाभळीची मूठ बसवली. बाजाराच्या दिवशी लीलाबाईंनी पाच-सहा खुरपी उचलून पाहिली आणि मला घेतलं. "हे हाताला बसतंय," एवढंच त्या म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून माझं एकच काम. भांगलण, म्हणजे पिकातलं तण काढणं. आणि भांगलणीत एकच वैरी. हरळी.

उसाच्या रानात हरळी शिरली की माणसाची झोप उडते. वरून कापली तर खालून येते. तिच्या मुळीचं एक पेर मातीत राहिलं तरी पंधरवड्यात ती पुन्हा हजर. लीलाबाईंचे मालक सर्जेराव म्हणायचे, "हरळी आन् भावकी, कितीबी खणा, खाली ऱ्हातीच." लीलाबाई मात्र हरत नव्हत्या. लग्नाला निघाल्या तरी वाटेत बांधावर हरळी दिसली की पदर खोचून खाली बसायच्या. हात आपोआप जायचा. त्या हातात बहुतेक वेळा मी असायचो. मुळी अखंड निघाली की त्या ती उन्हात धरून बघायच्या आणि मला मातीवर पुसायच्या. ते माझं कौतुक होतं असं मी समजायचो.

मग घरात सून आली. रोहिणी. तिनं बालवाडीचं शिक्षण घेतलं होतं. नवा बंगला नुकताच झाला होता आणि त्याच्यापुढं मुरमाचं मोठं अंगण मोकळं होतं. रोहिणीच्या मनात आलं, वाडीवस्तीची बारकी पोरं इथं बसवावीत. पण मुरमानं पोरांचे गुडघे फुटतील, म्हणून आधी हिरवळ पाहिजे. टीव्हीवर दाखवतात तसं लॉन.

सर्जेरावांचा डोळा त्याच जागेवर होता. दसऱ्याला नवा ट्रॅक्टर येणार होता. त्याच्या शेडचे पत्रे भिंतीला टेकून ठेवले होते.

"बरं," ते म्हणाले. "दसऱ्यापातूर हिरवं झालं तर तुजी शाळा. न्हाय झालं तर माजी शेड. मग रुसायचं न्हाय."

"न्हाय रुसणार, मामा," रोहिणी सासऱ्यांना म्हणाली. मी ओट्याच्या कडेला पडून ऐकत होतो.

मुरमावर काळी माती ओढून घेतली. रोहिणीचा नवरा दादासाहेब बारामतीहून लॉनच्या बियाचं पाकीट घेऊन आला. बी खसखशीएवढं. दादासाहेब ज्वारी पेरणारा माणूस. त्यानं ते चार बोटं खोल पेरलं आणि उसाला देतात तसं पाटानं पाणी सोडलं. काहीच उगवलं नाही.

घरात तर्क सुरू झाले. दादासाहेब म्हणाला, बी जुनं असेल. सर्जेराव म्हणाले, बोअरचं पाणी मचूळ आहे. शेजारचे दत्तोबा रोज दूध घालायला जाताना थांबायचे आणि विचारायचे, "काय सूनबाई, आलं का गालिच्याचं पीक?"

रोहिणीनं थोडं बी ओल्या गोणपाटात बांधून ठेवलं. काही दिवसांनी सोडलं तर दाण्यांना पांढरी टोकं फुटलेली. म्हणजे बी चांगलं होतं. तिनं पाकिटावरचं पुन्हा नीट वाचलं आणि दुसऱ्यांदा बी नुसतं वर फेकलं. वरून चाळलेलं शेणखत भुरभुरलं. मुंग्यांसाठी कडेनं राख ओढली, चिमण्यांसाठी उसाचं पाचट अंथरलं आणि झारीनं हलकं पाणी दिलं.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "तेवढं तण काढत जावा. तणानं बी दबतंय म्हणं."

"त्याची तू काळजी करू नगं," लीलाबाई म्हणाल्या. "माज्या डोळ्याम्होरं तण ऱ्हाईल व्हय?"

आणि आम्ही कामाला लागलो. रोज उजाडता उजाडता, रोहिणी चुलीपुढं भाकरी थापत असायची तेव्हा, लीलाबाई मला घेऊन अंगणात बसायच्या. पाचट बाजूला सारायच्या. खाली केसासारखे हिरवे कोंब दिसायचे. लीलाबाई वाकून बघायच्या आणि चरफडायच्या. "आली बया! हितंबी आली. माज्या पोरीच्या बियाला ही सटवी उगवूच देत न्हाय." मग मी चालायचो. मूठभर हरळी कालवडीपुढं पडायची आणि पाचट पुन्हा जागेवर जायचं.

भाकरी झाल्या की रोहिणी यायची. पाचट उचलून बघायची. खाली स्वच्छ काळी माती.

"एकबी कोंब न्हाय, आत्या."

"येईल गं. रान साफ हाय, आज न्हाय उद्या येईल."

मी जवळच असायचो. कोंब तर मी पुष्कळ पाहिले होते. पण ते हरळीचे होते. लॉन म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं, लीलाबाईंनाही नव्हतं. आम्हाला वाटायचं, काहीतरी मखमलीसारखं, वेगळ्याच रंगाचं, परदेशी उगवणार आहे. म्हणून आम्ही आणखी जोरानं भांगलत होतो. दुपारी लीलाबाई रोहिणीला जवळ बसवून घ्यायच्या, तिच्या केसांना तेल लावायच्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी दिसलं की दुसऱ्या दिवशी आम्ही अजून लवकर उठायचो.

नवरात्र आलं. देवघरात घट बसला. पत्रावळीवर माती, मधे मडकं, भोवती धान्य पेरलेलं. एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत कुणी हलवत नाही, त्यातल्या मातीला हात लावत नाही. नुसतं पाणी घालायचं. रोहिणीनं गहू-ज्वारीसोबत उरलेल्या बियाची एक चिमूट कडेला टाकली होती. देवाच्या पुढ्यात तरी उगवावं म्हणून. कुणाला सांगितलं नव्हतं.

खंडेनवमीला आम्हा हत्यारांची पूजा. कोयता, कुऱ्हाड, टिकाव, सगळ्यांना धुऊन घटापुढं मांडलं. मलाही हळदकुंकू लागलं. लीलाबाई ओवाळायला वाकल्या आणि थबकल्या. घटातले गहू वीतभर वाढले होते आणि त्यांच्या पायाशी बारीक, दाट, हिरवी लव आली होती.

"आगं बया, घटात हरळी कुठनं आली?" त्यांचा हात पुढं गेलासुद्धा.

"आत्या, थांबा! हात नगा लावू!" रोहिणी ओरडली. आणि मग तिनं नीट पाहिलं. ती हसत होती, रडत होती. "आत्या, ती हरळी न्हाय. माजं लॉनचं बी हाय ते. उगवलं बघा!"

लीलाबाईंनी ताट खाली ठेवलं. वाकून लव नीट न्याहाळली. पान न् पान त्यांच्या ओळखीचं होतं.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "ही हरळीच हाय गं. मी रोज उपटून कालवडीला घातली ती हीच."

कुंकू लावलेला मी दोघींच्या मधे पडलेलो.

बाहेर ओट्यावर सर्जेराव आणि दत्तोबा शेडचे खांब कुठं रोवायचे ते ठरवत होते. लीलाबाईंनी बाहेर जाऊन सगळं सांगून टाकलं. सर्जेरावांना आधी कळेचना.

"म्हंजी? बारामतीहून हरळीचं बी आणलं? आन् माज्या अंगणात पेरलं?"

दत्तोबा हसून हसून खोकायला लागले. "सर्जेराव, मला सांगायचं की! माज्या बांधावरची फुकाट दिली आसती. गाडी भरून!"

सर्जेरावांचं तोंड लाल झालं. "गाव हसंल. त्ये काय न्हाय, उद्या ट्रॅक्टर येतोय. शेडच."

रोहिणी दाराआड उभी होती. रुसणार नाही असा तिनं शब्द दिला होता.

"त्या पोरीचं बी रोज उगवत हुतं," लीलाबाई म्हणाल्या. "मी उगवू दिलं न्हाय. चूक माजी, आन् शेड तिच्या डोक्यावर?"

"आगं, पर हरळी! जलमभर जिच्यापायी..."

"जलमभर तुमच्या रानातली हरळी म्याच काढली. कंबर वाकली, कवा काय मागितलं न्हाय. आज मागती. एवढी जागा हरळीला सोडा. ट्रॅक्टर गोठ्यामागं लावा."

सर्जेरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. पत्र्यांकडं एकदा पाहिलं. मग दत्तोबांना म्हणाले, "काय रं, गाडी भरून देतो म्हनलास. का नुसता तोंडाचा वारा?"

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी दत्तोबांनी गाडीभर हरळी आणून टाकली. लीलाबाई अंगणात बसल्या, मला हातात घेतलं आणि माती उकरून हरळीची एकेक मुळी आत दाबू लागल्या. काढायला नव्हे, लावायला. मी चाललो, पण माझी धार बावरल्यासारखी झाली होती. त्यांचाही हात मधेच अडखळायचा. मग त्या स्वतःशीच हसायच्या.

आता तिथं पोरं लोळतात. रोहिणी गाणी शिकवते. लीलाबाई कडेला बसतात, पण हात मांडीखाली दाबून. मोकळा राहिला की तो उपटायला जातो.

मी झिजून आता निम्मा उरलोय. माझं काम अंगणाच्या भिंतीपलीकडं आहे, कारण हरळी भिंतीखालून उसात निघाली आहे. तिकडं दिसेल ती काढायची, अलीकडची राखायची. परवा एक मुळी ओढता ओढता भिंतीपर्यंत गेलो. तीच मुळी भिंतीखालून अंगणात, पोरांच्या पायाखाली गेली होती. लीलाबाई थांबल्या. मीही थांबलो. शेवटी त्यांनी ती भिंतीलगत कापली आणि माझ्यावरची माती पुसली.

मी लोखंडाचा. मला शिकवलं तेवढंच येतं. पण तुम्ही माणसं शहाणी. एकच मुळी अंगणात राखायची आणि उसात कापायची, हे कसं? तुम्हाला कळलं असेल, तर मला एकदा समजावून सांगा. माझी मूठ सैल झाली आहे. ती निखळायच्या आत सांगितलंत तर बरं होईल.