चोरून खाल्लेली सुशी

लोक चोरून काय काय करतात! मी चोरून भात खात होते. भात, आणि त्यावर कच्चा मासा.

सुरुवात एका चष्म्यापासून झाली. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी काचा घासते. दिवसभर चाक फिरत असतं, त्यावर पाण्याची बारीक धार पडत असते आणि मी बोटांच्या टोकांनी काचेची कड चाचपत बसते. त्या दिवशी सामान पोहोचवणारा माणूस आला नव्हता, म्हणून मालक म्हणाले, "बाई, घरी जाता जाता एवढा चष्मा द्याल का? तुमच्या वाटेवरच आहे."

वाटेवर कसला! पार मागच्या गल्लीत, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, निळा पडदा लावलेलं एक चिंचोळं दार. आत लाकडाचा लांब ओटा, त्याला लागून उंच स्टुलं आणि ओट्यापलीकडे एक टकला माणूस सुरी पुसत उभा. त्याने चष्मा लावला. आधी सुरीची धार पाहिली, मग स्वतःची नखं, मग भाताचं एक शीत बोटावर घेऊन बराच वेळ निरखलं. बरं वाटलं की नाही, काही बोलेल तर शपथ. ओल्या हाताने थोडासा भात घेतला, दोन बोटांनी हलकेच दाबला, वर माशाचा काप ठेवला आणि ते माझ्यासमोर ठेवून वाट बघत उभा राहिला. मी तिथल्या तिथे त्याचं नाव मौनीबाबा ठेवून टाकलं.

कच्चा मासा! वाटलं, काढावा पळ. पण तो काप इतका पातळ होता की दिव्याचा उजेड त्याच्यातून आरपार जात होता, आणि ज्यातून उजेड जातो अशा वस्तूपुढे माझं काही चालत नाही. टाकला तोंडात.

मासा गार, भात अंगाइतका कोमट. किंचित आंबट, किंचित गोड, मग नाकात एकदम झणका, आणि मग सगळं शांत. नवा चष्मा लावल्यावर लोकांना झाडाची पानं पहिल्यांदा सुटी सुटी दिसतात ना, तसं माझ्या जिभेचं झालं. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि मनात आलं, म्हणजे आजवर मी धुक्यातच जेवत होते की काय?

दुसऱ्या दिवशी पाय आपोआप त्या गल्लीत वळले. तिसऱ्या दिवशीही. मग मोजायचं सोडून दिलं. कामावरून सुटले की निळा पडदा बाजूला सारायचा, कोपऱ्यातलं स्टूल धरायचं, आणि बाहेरची गाड्यांची गडबड हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखी दूर जायची. ओट्यावर पिवळा उजेड सांडलेला असायचा. मौनीबाबाचे हात दोन पाळीव पक्ष्यांसारखे भातावर उतरायचे, उठायचे. कधी गुलाबी काप, कधी चांदीसारखा, कधी नुसतं गोडसर अंडं. तो एक ठेवायचा, मी एक खायचे. मी गिळल्याशिवाय तो दुसऱ्याला हात लावायचा नाही. दोघांनी मिळून काहीतरी हळूहळू विणत बसावं तसं चालायचं ते. मी सुखात होते, अगदी बेशरमपणे सुखात होते. काचा घासताना चाकावरचं पाणी बघता बघता हरवून जायचे, आणि झोपेत मोठमोठे मासे माझ्या खिडकीवरून संथपणे पोहत जायचे.

आता मुद्द्याचं सांगते. आमचे हे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी. तिथे शेकडो लोकांचं करून येतात आणि घरी पुन्हा माझ्यासाठी करतात. लग्नापासूनचा त्यांचा हट्ट. मी जेवायला बसले की हे समोर हनुवटीला हात लावून बसणार आणि मी खाताना टक लावून बघणार. येत्या काही महिन्यांत ते नोकरीतून मोकळे होणार होते. "मग काय, तू आणि मी. रोज तुला नवीन करून घालीन," असं म्हणताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. अशा माणसाला कोणत्या तोंडाने सांगू, की अहो, मी बाहेर दुसऱ्याच्या हातचं खाऊन येते आणि ते मला वेड लागल्यासारखं आवडतं? त्यापेक्षा कुणाबरोबर सिनेमाला गेले असते तर सांगणं सोपं गेलं असतं.

म्हणून घरी यायचे, दोन घास चिवडायचे आणि म्हणायचे, "आज भूकच नाही हो."

इथे माझं चुकलं. बाकीच्या नवऱ्यांनी म्हटलं असतं, नको तर नको. पण यांचं आयुष्य वॉर्डातून परत आलेली ताटं बघण्यात गेलेलं. कुणाचं ताट अर्धं आलं, कुणाचं जसंच्या तसं आलं, हे यांना नर्सच्या आधी कळतं. आणि ज्याचं ताट पुन्हा पुन्हा जसंच्या तसं येतं, तो माणूस पुढे कुठे जातो, तेही.

यांनी मला पथ्यावर ठेवलं. तेल गेलं, मग तिखट गेलं, मग मीठही गेलं. ताटात मऊ मऊ भात, फिकट सूप, उकडलेला भोपळा. ते बघून माझ्या पोटात उरलीसुरली भूकही दडून बसायची, आणि दुसऱ्या दिवशी मी गल्लीत दोन घास जास्तच खायचे. मी जितकी तिकडे खाई तितकं ताट इकडे भरलेलं राही, आणि ताट जितकं भरलेलं राही तितकं पुढचं जेवण आणखी पचपचीत होई. दुष्टचक्र म्हणतात ते हेच. हे माझ्या कपाळाला हात लावून बघायचे. जिना चढताना मागून हळूच कोपर धरायचे. मला हसू यायचं आणि लाजही वाटायची.

एके दिवशी घरी आले तर स्वयंपाकघरात दिवा नव्हता. हे खुर्चीत बसलेले, हात मांडीवर.

"बस," म्हणाले. "माझं ऐकून घे. वॉर्डात खिडकीजवळची खाट सोमवारी रिकामी होतेय. मी मोठ्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. तिथून झाड दिसतं."

"अहो, कसली खाट?"

"लपवू नकोस गं. किती दिवस बघतोय मी. सुरुवातीला सगळे असंच म्हणतात, आज भूक नाही." त्यांचा आवाज फाटला. "मी काय करू सांग ना. मला करून घालण्यापलीकडे काही येत नाही."

मी माशांची स्वप्नं बघत होते तेव्हा हा माणूस रोज रात्री माझ्याशेजारी जागा राहून माझा श्वास ऐकत होता.

"उठा," मी म्हटलं. "चप्पल घाला. कुठे ते विचारू नका."

मी पुढे, हे मागे, असे निघालो. आता खाटेची भीती जाईल, पण तिच्या जागी जे दुखणं बसेल ते माझ्याच हातचं असेल, एवढंच डोक्यात होतं. निळा पडदा सारला. मी माझ्या स्टुलावर बसले. हे बसेनात, पाठीशी उभेच. मौनीबाबाने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भातात हात घातला.

मी पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला यांनी स्टूल ओढलं आणि ते माझ्याकडे तोंड करून बसले, हनुवटीला हात लावून.

"अहो, मी रोज इथे खाऊन येते," मी सांगून टाकलं. "म्हणून घरी जेवण जात नाही. मला काही झालेलं नाही. मला हे आवडतं. फार आवडतं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. ओट्यावरच्या पिवळ्या उजेडाकडे बघत राहिले.

"रोज?" यांनी मला नाही, मौनीबाबाला विचारलं.

"रोज," मौनीबाबा म्हणाला. मी त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. "बाई खातात चांगल्या. परवा त्यांच्यामुळे मला पुन्हा भात लावावा लागला."

"पुन्हा लावावा लागला?"

"हो ना."

हे उठले. मला वाटलं, निघाले. पण ते ओट्यावरून वाकले आणि मौनीबाबाचे ते ओले, भाताची शितं चिकटलेले हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

"वाढा तिला," ते म्हणाले. "अजून वाढा. जगणार आहे हो ती!"